अंदाज ‘निरभ्र’, तरी दुर्बिणीत सगळं धूसर: दोष ढगांचा, दवाचा की दुर्बिणीचा?

ऑक्टोबर उजाडला की हा प्रश्न सुरू होतो आणि मे संपेपर्यंत थांबत नाही. “ॲप म्हणतंय आकाश स्वच्छ आहे, पण गुरूचे पट्टेच दिसत नाहीत. दुर्बीण बिघडली का?” आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत मी बरीच वर्षं इतरांच्या दुर्बिणी लावून देतो, आणि ही तक्रार घेऊन आलेल्या दुर्बिणींपैकी बहुतेक ठणठणीत असतात. तरीही घरी गेल्यावर पहिला हात पडतो तो स्क्रू ड्रायव्हरवर, आणि खरं नुकसान तिथेच होतं. म्हणून खालचा क्रम पाळा. सोप्या आणि फुकट तपासण्या आधी, हत्यारं सगळ्यात शेवटी.

आधी लक्षण नीट ओळखा

‘धूसर दिसतं’ एवढ्यावर काही ठरत नाही. कसं धूसर, कधीपासून, हे महत्त्वाचं.

- सुरुवातीला छान दिसत होतं. अर्ध्या-पाऊण तासात तेजस्वी ताऱ्यांभोवती धुरकट वलय आलं, अंधुक तारे गेले आणि दुर्बीण कुठेही वळवली तरी तसंच: बहुधा दव.
- काही मिनिटं अंधुक, मग बरं, मग पुन्हा अंधुक. नुसत्या डोळ्यांनाही तारे कमी-जास्त होताना दिसतात: पातळ ढग.
- उजेड भरपूर, पण ग्रहाची कड उकळल्यासारखी हलते: हवेची अस्थिरता किंवा दुर्बिणीतली उष्णता.
- प्रतिमा स्थिर, उजळ, पण फोकस कुठेच नेमका लागत नाही आणि ताऱ्याला एका बाजूला शेपूट फुटते: आरसे एका रेषेत नाहीत.
- प्रत्येक रात्री, प्रत्येक आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून), चंद्राभोवती दुधाळ उजेड: काचेवर काहीतरी बसलंय. धूळ, डाग किंवा बुरशी.

दोन लक्षणं एकत्रही येतात. दमट थंडीत दव आणि अस्थिर हवा एकाच रात्री असू शकतात. तरी क्रम बदलू नका.

१. दुर्बीण सोडा, वर बघा

डोळे अंधाराला सरावू द्या. दहा मिनिटं मोबाइल खिशात. मग नुसत्या डोळ्यांनी आकाश तपासा. आकाशच प्रकाश अडवत असेल तर पुढची एकही तपासणी उपयोगाची नाही, म्हणून ही पहिली.

चंद्र असेल तर काम सोपं. चंद्राभोवती मोठं खळं पडलं असेल, म्हणजे साधारण २२ अंश त्रिज्येचं (हात लांब करून बोटं ताणली की अंगठा ते करंगळी एवढं अंतर), तर वर हिमकणांच्या ढगांचा पातळ पडदा आहे. हे ढग रात्री ढगासारखे दिसतच नाहीत, त्यामुळे माणूस बिनदिक्कत ‘निरभ्र’ म्हणतो. चंद्राला अगदी चिकटून छोटं रंगीत तेजोमंडल असेल तर खालचे, पाण्याच्या थेंबांचे पातळ ढग आहेत.

चंद्र नसेल तर ताऱ्यांवरून ठरवा. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या संध्याकाळी महाश्व तारकासमूहाचा चौकोन डोक्यावर असतो. गावाबाहेर चौकोनाच्या आत दोन-तीन तारे तरी दिसायला हवेत. हिवाळाभर कृत्तिका आहेतच. सहा मोजता आल्या तर आकाश चांगलं. मार्चपासून सप्तर्षी वर येतात, तेव्हा वसिष्ठाशेजारची अरुंधती शोधा. पुण्या-मुंबईत गच्चीवरून सहा कृत्तिका चांगल्या रात्रीही दिसणार नाहीत, म्हणून दुसऱ्याचा आकडा वापरू नका. एखाद्या उत्तम रात्री तुमच्या गच्चीवरून काय दिसतं ते वहीत लिहून ठेवा. तीच तुमची फूटपट्टी.

क्षितिजाजवळच्या ताऱ्यावर परीक्षा घेऊ नका. ३० अंश उंचीवर प्रकाशाला डोक्यावरच्या तुलनेत दुप्पट हवेतून यावं लागतं, १० अंशांवर पाचपटीहून जास्त. अगस्ती पुण्याहून जास्तीत जास्त १९ अंशांच्या आसपास चढतो. तो लुकलुकतो, रंग बदलतो, फोकसमध्ये थांबत नाही. त्यात दुर्बिणीचा काही दोष नाही.

पातळ ढग निघाले म्हणून लगेच आवरू नका. असे ढग देवयानी दीर्घिका आणि तेजोमेघ खाऊन टाकतात, पण गुरू, शनी, चंद्र यांच्याकडे प्रकाश मुबलक असतो. वारा पडलेल्या, किंचित धुरकट रात्री हवा पुष्कळदा शांत असते आणि ग्रह आश्चर्य वाटावं इतके रेखीव दिसतात. यादी बदला, रात्र सोडू नका.

२. अंदाज आणि उपग्रहचित्र: तिन्ही थर वेगळे बघा

‘स्वच्छ आकाश’ हे चिन्ह शेतीसाठी, प्रवासासाठी ठीक असतं. आपल्याला ते पुरत नाही. विंडी किंवा मीटिओब्लू यांसारख्या हवामानाच्या संकेतस्थळांवर खालचे, मधले आणि उंच ढग वेगवेगळे पाहता येतात. तिन्ही बघा. उंच ढग ७० टक्के आणि बाकी शून्य असेल तर सर्वसाधारण ॲप सूर्याचं चित्र दाखवेल, पण तुम्हाला मात्र एकही दीर्घिका दिसणार नाही. मीटिओब्लूवर हवेच्या स्थिरतेचा वेगळा अंदाजही मिळतो, ग्रहांसाठी तो जरूर पाहावा.

मग हवामान खात्याच्या संकेतस्थळावर इन्सॅट उपग्रहाची चित्रं उघडा. अंदाज म्हणजे गणित, आणि चित्र म्हणजे आत्ता प्रत्यक्ष काय आहे ते. पण रात्री दृश्य प्रकाशातलं चित्र काळं असतं, अवरक्त चित्र बघावं लागतं, आणि त्यात एक खोच आहे. अवरक्त चित्र तापमान दाखवतं. उंच ढग थंड असल्यामुळे पांढरेशुभ्र उठून दिसतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर रात्री साचणारे खालचे ढग मात्र जमिनीइतकेच उबदार असतात, त्यामुळे ते चित्रात जवळजवळ दिसत नाहीत. उपग्रह म्हणतो मोकळं आणि तुमच्या डोक्यावर छत, असं होतं ते यामुळे. एकच चित्र पाहून ठरवू नका. गेल्या दोन-तीन तासांची चित्रं एकामागून एक चालवून ढग कुठून कुठे सरकतायत ते बघा.

थांबायचं की आवरायचं हे ढगाच्या जातीवरून ठरवा, घड्याळावरून नाही. एप्रिल-मेमध्ये देशावर दुपारच्या उन्हाने चढलेले गठ्ठ्याचे ढग सूर्यास्तानंतर खुराक तुटल्यावर विरू लागतात. संध्याकाळी सातला काळंकुट्ट आणि अकराला लख्ख, हे नेहमीचं आहे, तेव्हा थांबा. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात वादळ असेल तर त्याचे उंच ढग शेकडो किलोमीटर पसरतात. सूर्य मावळला म्हणून ते विरत नाहीत, दोन-तीन दिवस राहतात. जानेवारी-फेब्रुवारीत उत्तर महाराष्ट्र आणि विदर्भावर पश्चिमी झंझावाताचे उंच ढग येतात, तेही तसेच चिवट. अशा वेळी दुर्बीण बाहेर काढूच नका, झोप घ्या.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सरासरी तारीख ११ जून, परतण्याची ८ ऑक्टोबर. मधले चार महिने मोठी दुर्बीण पेटीत आणि द्विनेत्री (बायनॉक्युलर) खांद्यावर, हे उत्तम. पावसाने उघडीप दिली की धुतलेल्या हवेत जे आकाश दिसतं ते डिसेंबरातही दिसत नाही, पण ते वीस मिनिटांचं असतं. माउंट (दुर्बिणीची बैठक) जुळवेपर्यंत संपतं. २२ जुलै २००९ चं खग्रास सूर्यग्रहण पाहायला बिहारमध्ये तारेगना इथे केवढी गर्दी लोटली होती, आणि ऐन वेळी ढगांनी सूर्य झाकला. ज्या उल्का ऑगस्टमध्ये ययाती तारकासमूहातून येतात त्या आपल्याकडे बहुतेक वर्षी ढगांआडच पडतात. १३-१४ डिसेंबरच्या मिथुनेच्या उल्का आपल्या हक्काच्या.

३. टॉर्च मारून काच बघा: दव

सगळ्यात जास्त वेळा दोष इथे सापडतो. वांगणीच्या एका हिवाळी कार्यक्रमात एक शिक्षक दुर्बीण आवरायला लागले, म्हणाले ढग आले. वर मृग नक्षत्र खणखणीत दिसत होतं. फाइंडरच्या (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीच्या) काचेवर लाल टॉर्च तिरका धरला तर काच दुधी झालेली. मुख्य भिंगावर मधोमध राखाडी गोल, कडेला थोडी स्वच्छ पट्टी. ढग नव्हतेच. सगळं दव होतं.

ज्या रात्री आकाश जास्त स्वच्छ, त्या रात्री दव जास्त पडतं. ढग असले तर ते जमिनीची उष्णता परत पाठवतात. ढग नसले की आकाशाकडे तोंड केलेली प्रत्येक वस्तू आपली उष्णता वर सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. काच दवबिंदूखाली, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं त्याच्या खाली, गेली की पाणी धरते. दवबिंदूचा ढोबळ हिशेब सोपा आहे: आर्द्रता १०० पासून जितकी कमी, त्याला ५ ने भागा, तेवढे अंश तापमानातून वजा करा. १८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू साधारण १५. हवा आणि दवबिंदू यांत तीन-चार अंशांचाच फरक उरला असेल तर दव येणार असंच धरून तयारी करा.

टॉर्च मारताना क्रम असा: आधी आयपीस, कारण डोळ्याची आणि श्वासाची वाफ तिथे बसते. मग फाइंडर. मग पुढची काच. श्मिट-कॅसेग्रेनची (पुढे काच आणि आत आरसे असलेल्या दुर्बिणीची) पुढची पातळ काच सगळ्यात लवकर धरते. न्यूटनियनचा (उघड्या नळीच्या, आरशाच्या दुर्बिणीचा) मोठा आरसा नळीच्या तळाशी असल्यामुळे बराच वेळ वाचतो, पण वरचा छोटा तिरका आरसा वाचत नाही. तो बघायचा लोक विसरतात.

दव दिसलं तर पुसू नका. ओल्या काचेवर धूळ असते, रुमाल फिरवला की ती काचेवरच्या पातळ लेपावर ओरखडे काढते. शिवाय काच थंडच राहिलेली असते, दोन मिनिटांत पुन्हा तेच. काच किंचित कोमट करणं हाच उपाय. हेअर ड्रायर सगळ्यात कमी उष्णतेवर, हातभर अंतरावरून, सतत हलवत. काच हाताला गरम लागेल इतकं कधीच नको.

त्याहून चांगलं म्हणजे दव येऊच न देणं. योगा मॅटचा तुकडा नळीभोवती गुंडाळा, भिंगाच्या व्यासाच्या दीड ते दोन पट लांबी भिंगाच्या पुढे येऊ द्या, वेल्क्रोने बांधा, आतली बाजू काळी असू द्या. काचेला दिसणारं थंड आकाश कमी झालं की ती उशिरा थंड होते. आमच्याकडच्या निम्म्या तक्रारी या एका तुकड्याने मिटल्या आहेत, म्हणून महागडं काही घेण्याआधी हे करा. देशावरच्या कोरड्या रात्री एवढं पुरतं. कोकण, गोवा किंवा धरणाकाठी पुरत नाही. तिथे पॉवर बँकेवर किंवा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा गरम पट्टा लागतो. तो दव पडायच्या आधी चालू करा, पडल्यावर नाही. वापरात नसलेले आयपीस झाकण लावून डब्यात किंवा जॅकेटच्या खिशात.

मुंबई-ठाण्यात आणि किनाऱ्यावर आणखी एक प्रकार आहे. दुर्बीण एसीच्या खोलीतून थेट गच्चीवर. खोली २४ अंश, बाहेर २९ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के, म्हणजे दवबिंदू २६. काच बाहेर पडताक्षणी धुरकटते, अगदी आतल्या आरशापर्यंत. इथे योगा मॅट काही करू शकत नाही. एसी आधी तासभर बंद करा, किंवा दुर्बीण बंद पेटीतच बाहेर ठेवा आणि पेटी बाहेरच्या तापमानाला आल्यावर उघडा.

४. उष्णता: दुर्बिणीची आणि गच्चीची

काच कोरडी, आकाश स्वच्छ, तरी शनीची कडी थरथरते. एखादा उंचावरचा तेजस्वी तारा घ्या आणि फोकस थोडा बिघडवा. तारा चकतीसारखा दिसेल. चकतीवरून प्रवाहासारखं काही झरझर एका दिशेने वाहत असेल तर ती वरची हवा, तिला इलाज नाही, मोठेपणा (प्रतिमा किती पट मोठी दिसते ते) कमी करा. चकतीत एका बाजूने आळसावलेला धूर चढल्यासारखं हळू हलत असेल तर उष्णता नळीच्या आत आहे. सहा-आठ इंची आरसा खोलीतून आणल्यावर थंड व्हायला तासभर सहज घेतो. सूर्यास्तालाच बाहेर ठेवा.

जागाही तपासा. सिमेंटची गच्ची दिवसभरचं ऊन मध्यरात्रीपर्यंत सोडत राहते. शेजारच्या इमारतीवरून, पत्र्यावरून किंवा एसीच्या बाहेरच्या युनिटवरून नजर जात असेल तर गुरू तिथून सरकेपर्यंत थांबा. खिडकीतून बघणं तर नकोच. गवत किंवा माती मिळाली तर उत्तम.

मोठेपणाची हाव आवरा. १५० मिलिमीटरच्या दुर्बिणीला कागदावर ३०० पट झेपते, आपल्या सर्वसाधारण रात्रीला १२० ते १५० पट.

५. कॉलिमेशन

कॉलिमेशन म्हणजे दुर्बिणीतले आरसे एका रेषेत आणणं. इथून पुढे हत्यार लागतं, म्हणून वरच्या चारही तपासण्या झाल्याशिवाय इथे येऊ नका. गरम आरशावर केलेलं कॉलिमेशन तासाभराने पुन्हा चुकीचं दिसतं.

न्यूटनियन किंवा श्मिट-कॅसेग्रेनमध्ये फोकस बिघडवलेल्या ताऱ्याच्या चकतीत मधोमध काळा ठिपका असतो. तारा दृष्टिक्षेत्राच्या मध्यावर ठेवून तो ठिपका एका बाजूला सरकलाय का बघा. डॉब्सोनियनवाल्यांना (हाताने फिरवायच्या साध्या बैठकीवरची न्यूटनियन) ध्रुव सोयीचा, तो जागचा हलत नाही. पण महाराष्ट्रातून ध्रुव जेमतेम १६ ते २२ अंशांवर असतो, अस्थिर हवेत तिथे चकती नीट दिसत नाही. मग वरचा तारा घ्या आणि हाताने मागे मागे जा. स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवा, तारा पुन्हा मध्यावर आणा, पुन्हा बघा. स्क्रू घट्ट लागायला लागला तर जोर करू नका, आधी समोरचा सैल करा. भिंगाच्या दुर्बिणीत बहुधा हे काम नसतंच, तिच्या भिंगाच्या कडेचे स्क्रू सोडून द्या.

६. धूळ आणि बुरशी

दिवसा, सावलीत, टॉर्च तिरका मारून काच बघा. सूर्याकडे दुर्बीण वळवून कधीही नाही. धुळीचे ठिपके भरपूर दिसतील. दिसू द्या. त्यांनी प्रतिमेत जाणवण्याइतका फरक पडत नाही, वारंवार पुसण्याने पडतो. फार झाली तर हवेचा रबरी फुगा वापरा, तोंडाने फुंकू नका.

बुरशी वेगळी ओळखू येते: काठापासून आत शिरणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू. ती ओलाव्यावर वाढते आणि तिच्या आम्लाने लेप व काच कायमची खरवडली जाते, म्हणून ‘पुढच्या सुट्टीत बघू’ नको. आयपीसच्या बाहेरच्या पृष्ठभागावर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओलसर केलेल्या कापसाने, मध्यापासून कडेकडे, न दाबता काढता येते. न्यूटनियनचा मोठा आरसा बाहेर काढून डिस्टिल्ड वॉटरने धुता येतो, पण पहिल्यांदा कुणा अनुभवी माणसाच्या देखत. बुरशी काचेच्या आतल्या बाजूला असेल तर हात लावू नका.

दवाची रात्र संपली की ओल्या काचेला झाकण लावून पेटी बंद करणं म्हणजे बुरशी पेरणं. घरी आल्यावर पंख्याखाली उघडी, तोंड किंचित खाली करून, पूर्ण वाळू द्या. मगच झाकण. पेटीत सिलिका जेल आणि शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांदरम्यान हवा. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास वाळवून पुन्हा वापरा, मात्र त्याच भांड्यात नंतर खाद्यपदार्थ करू नका.

इथे थांबा

गडगडाट ऐकू आला की दुर्बीण आहे तिथे सोडून आत जा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर असू द्या. गच्ची ओली असेल आणि माउंट किंवा हेअर ड्रायर घरच्या विजेवर चालत असेल तर प्लग काढा, त्या रात्री पुन्हा लावू नका. मोटरच्या माउंटमध्ये पाणी गेल्याची शंका असली तर ‘चालू करून तर बघू’ हा मोह टाळा. बॅटरी काढा आणि तसाच तंत्रज्ञाकडे द्या.

भिंगाच्या दुर्बिणीतली पुढच्या दोन भिंगांची जोडी कधीही उघडू नका. त्यातलं अंतर आणि एकमेकांशी जुळवलेली दिशा कारखान्यात ठरलेली असते, ती गेली की दुर्बीण पूर्वीसारखी होत नाही. श्मिट-कॅसेग्रेनच्या पुढच्या काचेचंही तसंच. आत बुरशी, आरशाचा लेप सोललेला किंवा ठिपक्या-ठिपक्यांनी उडालेला, भिंगांच्या मधे ओलावा: ही कामं दुर्बिणीच्या विक्रेत्याकडे किंवा प्रकाशीय उपकरणं दुरुस्त करणाऱ्याकडेच. कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याला देण्याआधी त्याने खगोलीय दुर्बीण पूर्वी उघडली आहे का ते स्पष्ट विचारा. त्याआधी एकदा जवळच्या खगोलप्रेमी संस्थेत नेऊन दाखवा. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. अनुभवी डोळ्यांनी पाच मिनिटं पाहिलं तर पाठवायची गरज आहे का ते तिथेच कळतं.

पाठवायची ठरलीच तर सोबत कागद जोडा: दोष कोणत्या आयपीसमध्ये दिसतो, थंड झाल्यावरही दिसतो का, फोकस बिघडवलेल्या ताऱ्याचा मोबाइलवर काढलेला फोटो, आणि तुम्ही कोणता स्क्रू कधी फिरवलात. शेवटची ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत, पण दुरुस्त करणारा सगळ्यात आधी तेच विचारतो.